अळणी पान

आमच्या घरात हाक आली की लगेच ओ द्यायची, पहिल्याच हाकेला. तोंडात घास असो, कानात इअरफोन असोत, आधी ओ. मी मुळात कमी बोलणारी. मनातल्या मनात ओ द्यायची आणि ती दिली असं समजायचे. लहानपणी मी सगळ्यात जास्त ओरडा यावरूनच खाल्ला. लग्न होऊन आल्यावर आईलाही हे विचित्र वाटलं होतं. तिच्या माहेरी, घाटकोपरला, नेमकं उलटं होतं: दिवेलागणीनंतर कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहायचं. भुताला दोनच हाका मारता येतात, तिसरी मारतो तो माणूस. कोकणातल्या कितीतरी घरांत हेच सांगतात. आमचं घरही मूळचं मालवणकडचं, मग आमच्यातच उलटं का, हे बाबांनाही माहीत नव्हतं. "आपल्यात असंच," एवढंच उत्तर.

तसंच ते पान. पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ असतो. नाहूरच्या फ्लॅटमधला सोफा भिंतीला सरकवून हॉलमध्ये केळीची पानं मांडतात. भाजणीचे वडे, काळ्या वाटाण्यांची आमटी, भात, भोपळ्याची भाजी, खीर. गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस जेवायला बसवतात. आजोबांच्या जागी बाबांचे मित्र बसतात, आजीच्या जागी शेजारच्या काकू. त्यांची जेवणं होऊन मंडळी गेली की घरचीच माणसं उरतात, आणि मग खिडकीपाशी एक पान मांडलं जातं, बसणाऱ्याचं तोंड पश्चिमेला येईल असं. त्या पानावरचं सगळं अळणी. आमटीत मीठ घालायच्या आधी आई एक वाटी बाजूला काढते, भात वेगळ्या पातेल्यात लावते. ज्याच्यासाठी ते पान आहे, त्याच्या पोटात खारं पाणी पुरेसं गेलंय, म्हणून. त्या पानावर घरातली लग्न न झालेली मुलगी बसते. ती उठेपर्यंत कोणी तिच्याशी बोलायचं नाही, आपसातही नाही.

माझ्या आठवणीत तिथे कायम आत्याच बसलेली आहे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्यातच राहते, मुलुंडला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर असते, आणि घरातलं निम्मं बोलणं एकटी बोलते. पण त्या दुपारी ती पानावर बसली की बदलायची. खाली मान घालून, न थांबता, चव न घेता जेवायची. मी शाळेत असताना एकदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले होते. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रेमानेही नाही. प्लॅटफॉर्मवरच्या परक्या मुलीकडे पाहावं तसं. आईने मला दंडाला धरून आत नेलं. पानावरून उठल्यावर आत्या संध्याकाळपर्यंत झोपली आणि उठल्याबरोबर माठापाशी उभी राहून पाणी पीत राहिली.

ते पान 'गोऱ्या पणजोबांचं' असं आम्हाला सांगितलेलं होतं. आमची माणसं पिढ्यानपिढ्या दर्यावर्दी. आजोबा मिलमध्ये लागले, पण त्यांच्या आधीचे सगळे मचव्यांवर आणि गलबतांवर. कधीतरी एका परदेशी खलाशाची बोट फुटली, आमच्या लोकांनी त्याला वाचवला, घरातल्या मुलीशी त्याचं लग्न लावून दिलं. पुढे तो पुन्हा समुद्रावर गेला आणि बुडाला. त्याचा पुरावा म्हणजे दर पिढीत एका मुलीचे डोळे घारे निघतात. या पिढीत आत्याचे. बाबा हे पाहुण्यांना सांगायचे, ऑफिसात सांगायचे, एकदा रिक्षावाल्याला सांगितलं. तो खलाशी कधी पोर्तुगीज असायचा, कधी डच. फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या वर्षी थेट अर्जेंटिनाचा झाला होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आत्याचं लग्न ठरलं. पन्नाशीत. नवरा बोरिवलीचा, विधुर.

"या वयात लोक नातवंडांना शाळा शोधतात," आई म्हणाली.

"मी नवरा शोधला," आत्या म्हणाली. "वापरलेला आहे, पण कंडिशन चांगली आहे."

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे यंदा खिडकीतलं पान हिचं."

लग्न मुहूर्त न बघता, रजिस्टर, श्रावणात होतं, म्हाळ त्यानंतर. लग्न झाल्यावर मुलीचे पितर दुसऱ्या घरचे होतात, तिला आमच्या पानावर बसता येत नाही. घरात लग्न न झालेली मी एकटी. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

 त्यानंतर रोज अंधेरीला ऑफिसात बसून मी आत्याची ती नजर आठवत राहिले. माझी अट मी मनाशी ठरवली. तो खरंच आपला पूर्वज असेल तर बसायचं. स्वतःच्या पणजोबाला काय घाबरायचं? आणि आपला नसेल, तर कोणा परक्याला मी माझ्या अंगात जागा देणार नाही.

गोऱ्या पणजोबांचा शोध मी आधी इंटरनेटवर घेतला. जुन्या बोटींवरच्या खलाशांच्या याद्या मिळतात, पण त्यांत आमच्याकडची माणसं नुसत्या पहिल्या नावाने असतात, एकाच नावाची ढीगभर. त्यांतला आपला कोणता ते कळायला मार्ग नव्हता. मग मी डीएनए टेस्टचं किट मागवलं. थुंकी नळीत भरून पाठवायची, कुठल्या भागातलं रक्त ते कळवतात. घारे डोळे आत्याचे, म्हणून मी आत्यालाच विचारलं. ती लगेच तयार झाली.

"त्याच्या नातेवाइकांचा पत्ता लागला तर लग्नाला बोलवू," ती म्हणाली आणि डायनिंग टेबलावर बसून नळीत थुंकू लागली. "ए, एवढी थुंकी कुठून आणू? चिंच दे कोणीतरी."

बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "गंमत माहितीय का? आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा हिचे डोळे काळे होते. पानावर बसायला लागली, त्यानंतर घारे झाले."

"हो ना. भिजून रंग उडाला," आत्या म्हणाली.

"खरंच म्हणायची आई."

"दादा, तू गप. तुला माझे मेलीचे डोळे नीट दिसतात तरी का? चष्म्याचा नंबर बघ."

मी नंतर कपाटातले जुने फोटो काढून पाहिले. आत्याचे लहानपणीचे सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट. डोळे त्यात सगळ्यांचेच काळे.

रिपोर्ट आत्याच्या लग्नानंतर आला. ती तेव्हा बोरिवलीला गेली होती. फोनवर एक नकाशा उघडला. त्यात कोकणाची किनारपट्टी रंगवलेली होती, थोडा रंग खाली दक्षिणेकडे ओघळला होता. समुद्रापलीकडे सगळं पांढरं. युरोप पांढरा, अरबस्तान पांढरा, आफ्रिका पांढरी.

"मशीन चुकलं असेल," बाबा म्हणाले. फोन त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला, पांढऱ्या भागावर बोट ठेवून तो मोठा करून बघितला. "खूप पिढ्या झाल्या की पुसलं जात असेल ना?"

तेही शक्य होतं. म्हणून मी चारकोपला गेले.

चारकोपला बाबांचे चुलत काका राहतात. आमच्या घराण्यात समुद्रावर गेलेला शेवटचा माणूस तेच. मालवाहू बोटींवर खलाशी होते. आमची भेट लग्नकार्यातच व्हायची. कोणाच्या घरी एकटीने जाऊन बेल वाजवणं मी शक्यतो टाळते. बस, मेट्रो, रिक्षा असं करत गेले, बिल्डिंगखाली थोडा वेळ उगाच फोन बघत उभी राहिले आणि मग वर गेले. सुनेने दार उघडलं. हे चुलत आजोबा टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर भाज्या कापायच्या यंत्राची जाहिरात मोठ्या आवाजात चालू होती आणि ते तिकडे बघतही नव्हते.

"दिवसभर चालू ठेवतात," सून म्हणाली. "बंद केला की ओरडतात." आणि ती चहा टाकायला गेली.

"कोणाचा चेडू गो तू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाहूरचा. ता पान अजून वाढतत तुमच्याकडे?"

"हो. यंदा मला बसायचंय."

त्यांनी रिमोट शोधला आणि आवाज कमी केला. बंद केला नाही.

"आजोबा, तो आपला नक्की कोण?"

"कोण नाय," ते म्हणाले. "तो आमचो कोण नाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं होतं. आमच्या मूळ घराण्याचा एक मचवा होता आणि त्या घरचाच माणूस त्याचा तांडेल, म्हणजे मचव्यावरचा मुख्य. भाद्रपद होता. दूर कुठेतरी मोठी बोट फुटली होती, पण यांना त्याचा पत्ता नव्हता. दिवस बुडताना पावसाचं धुकं उतरलं आणि पाण्यावरून हाक आली. शब्द कळेनात. माणसाचा आवाज होता, पण बोली कोणाची नव्हती.

"पाण्यातला भूत, गिऱ्हो, तो असोच हाक मारता," आजोबा म्हणाले. "तांडेलान सांगल्यान, कोणी ओ देव नकात. वल्ही वर घेतली. परत हाक इली. आता जवळसून."

"मग?"

"मगे काय? तिसरेची वाट बघीत रवले. तिसरी इलीच नाय."

रात्रभर मचवा तिथेच उभा होता. कोणी तोंडातून चकार शब्द काढला नाही, खोकलासुद्धा दाबून धरला. उजाडल्यावर धुकं उठलं तेव्हा तो दिसला, हाक ऐकू यावी इतक्या जवळ. फळीला मिठी मारलेली. डोळे उघडे, घारे.

"अंग अजून मऊ होता," आजोबा म्हणाले. "कळला तुका? पहाटेपर्यंत जितो होतो. थयच. हे रातभर गप, आणि तो रातभर ऐकता."

टीव्हीवर यंत्रातून गाजराच्या चकत्या पडत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण आजोबांकडे बघवेना.

त्यांनी त्याला भरतीच्या रेषेच्या वर वाळूत पुरला. त्यानंतर त्या घरात पहिल्या हाकेला ओ द्यायचा नियम झाला. म्हाळाला त्याचं पान सुरू झालं. ज्याला आपलं कोणी नाही त्याला आपण वाढायचं.

"पण मुलीच का बसतात?" मी विचारलं.

"बापयांका तेच्या पानार बसूचो धीर झालो नाय. तोंड खयचा दाखवतले? म्हणान चेडवांका बसवल्यानी."

"आणि तो पणजोबा कसा झाला?"

"लोक इचारीत, म्हाळाक हो कोण? काय सांगतले? आमी बुडवलो म्हणान? सांगल्यानी, आमचोच एक. पोरांक ताच खरा वाटला."

घाऱ्या डोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "ते कोकणात घराघरात आसत." मग थोडं थांबून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "तू बसतलंस?"  त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.

रविवारी आत्या नाहूरला आली तेव्हा मी सगळ्यांसमोर हे सांगितलं. एवढं सलग मी घरात कधी बोलले नसेन.

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय," बाबा म्हणाले.

"नकाशाही तेच सांगतो, बाबा."

बाबा उठून बाल्कनीत गेले, परत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आयुष्यभर ज्या माणसाच्या बोटीने ते जगभर फिरले होते, तो आमच्यात कधी आलाच नव्हता. मला त्यांचं वाईट वाटलं.

"मग मी बसणार नाही," मी म्हटलं. "तो आपला नाही."

"नको बसू," बाबा म्हणाले. "बंदच करून टाकू. नाहीतरी आता कोण करतंय हे सगळं."

आत्या माझ्याकडे वळली. ती म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?" आईने विचारलं.

"मला नेहमी वाटायचं, पणजोबा आहेत तर काहीतरी वाटायला हवं ना गं. माया म्हणा, राग म्हणा. तसलं काही नाही. पानावर बसलं की नुसतं ऐकू यायचं सगळं. पंखा, तुमचे श्वास, खालचा वॉचमन. कोणीतरी माझ्या कानांनी ऐकत असायचं. कान देऊन. आपण काही बोलतो का ते." ती हसायला गेली, पण हसू जमलं नाही. "आणि तुम्ही सगळे ढिम्म."

"अगं, नियमच आहे तो," बाबा म्हणाले.

"हो रे दादा. त्यांचाही नियमच होता."

 आत्या बोरिवलीला परत गेली. बाबांनी त्या वर्षी म्हाळाला फक्त आजोबा-आजींची पानं मांडायची असं ठरवलं आणि आईने हुश्श केलं. मी सुटले होते. माझी अट मीच घातली होती आणि ती माझ्या बाजूने लागली होती.

तरी मला झोपताना तो तांडेल आठवायचा. खलाशी नाही, तांडेल. वल्ही वर धरून बसलेला. मला तो फार वाईट माणूस वाटत नव्हता. बोलायच्या आधी समोरचा नक्की कोण आहे त्याची खात्री करून घ्यावी, तोपर्यंत तोंड उघडू नये, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. शाळेत, ऑफिसात, लिफ्टमध्ये मी तेच करते. समोरचा बोलतो, मी थांबते, आणि मग तो बोलायचा थांबतो.

म्हाळाच्या आदल्या दिवशी मी आत्याला फोन केला. "मी बसते. पण तुम्ही सगळ्यांनी बोलायचं."

"काय बोलायचं?"

"काहीही." आई-बाबांना तिनेच पटवलं.

दुपारी मंडळी जेवून गेली. आईने खिडकीपाशी पान मांडलं, अळणी भात, अळणी आमटी, वडे. आत्या आता वाढणाऱ्यांत होती, नव्या मंगळसूत्रावरून पदर खोचून. मी पश्चिमेला तोंड करून बसले. समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आणि तिच्यावरचे एसी. पहिला घास घेतला. मिठाशिवाय भाताला ओल्या कापसासारखी चव असते.

कोणी बोलेना. इतक्या वर्षांची सवय.

"पाऊस गेला वाटतं," बाबा शेवटी म्हणाले.

"कुठला जातोय," आई म्हणाली. "कपडे वाळत नाहीत."

"सिलेंडर लावला का गं नवीन?"

"लावला. त्या मेल्याने सील तुटलेला दिला होता."

आत्याने बोरिवलीचं सांगायला घेतलं. नवरा कपभर चहात चार चमचे साखर घालतो, आणि डॉक्टरला दोन सांगतो. बाबा हसले. मी जेवत होते. मग आईने तिच्या कुठल्याशा मावशीचं काही सांगितलं, आणि मला जाणवलं की ते मला कळलेलं नाही. मी कान दिला. आई बोलत होती, हात हलवत होती. आवाज तिचाच होता. पण त्याचे शब्द होत नव्हते. मी बाबांकडे वळून पाहिलं. तेही बोलत होते. चढ-उतार सगळे होते, भाषा नव्हती. इंग्रजी शाळेत गेले म्हणून मला काही मराठी शब्द अडतात, ते वेगळं. इथे मला काय अडलंय तेच सांगता येईना. लांबवर, धुक्यात, माणसं बोलत होती. किती जण आहेत तेवढं मोजता येत होतं.

मी घाबरले असं म्हणता येणार नाही. घाबरायलाही स्वतःशी काही शब्द लागतात. हात पानाकडे आणि तोंडाकडे जात होता.

आत्या समोर वाकली. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिने काहीतरी विचारलं. प्रश्न होता, एवढं तिच्या भुवयांवरून कळलं. तिने पुन्हा विचारलं. तिच्या घाऱ्या डोळ्यांत मी बघत होते आणि मला वाटत होतं की काही बोलले तर यांनाही ते असंच ऐकू जाईल. मी पान थोडं पुढे सरकवलं. ती थबकली. मग तिने भात वाढला, आणि वाढता वाढता बोलायलाही लागली, घाईघाईने, मागे बाकीच्यांना हाताने खुणा करत. बाबा जोरात काहीतरी सांगू लागले. आई मध्येच त्यांना तोडत होती. एक क्षणही कोणी थांबलं नाही. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण माणसं आहेत, आणि ती निघून जात नाहीयेत, एवढं कळत होतं, आणि तेवढ्यावर मी जेवत राहिले.

शब्द परत आले ते हळूहळू. 'साखर' आला, 'वॉचमन' आला. बाबांचा आवाज बसला होता. आई पातेल्यात डाव फिरवत होती, आणि डाव तळाला लागल्याचा आवाज येत होता.

"सगळा संपवलास गं," ती म्हणाली. एरवी मी मूठभर भाताची.